पार्बताबाईंची काजळी

१९७८, दिवाळीनंतरचा मंगळवार, दुपारचे दोन. स्थळ: आंधळगाव, बिड्या वळणाऱ्या बायांची पडवी. हजर: पार्बताबाई, चंद्रकला, चंद्रकलेची सासू, करडीहून लग्न होऊन आलेल्या दोघी जावा आणि मी, गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. वहीत एवढीच नोंद आहे. बाकीचं आठवणीतून लिहिते.

चंद्रकलेच्या नावावरचं पुस्तक मुदत संपूनही आलं नव्हतं, ते न्यायला मी गेले होते. चौघी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या आणि चौथीपर्यंत शिकलेली चंद्रकला मोठ्यानं वाचत होती. वाचणारीच्या बिड्या कमी पडू नयेत म्हणून बाकीच्या अधूनमधून आपल्या वळलेल्या मूठभर बिड्या तिच्या सुपात टाकत. हा नियम पार्बताबाईंचा. पन्नाशीच्या, सडपातळ, दर चार वाक्यांनंतर खोकणाऱ्या. स्वतःला अक्षर येत नव्हतं.

"पुस्तक नेजो, पन आंधी बस," त्या मला म्हणाल्या. "काजळी भिंतीवर लटकून हाये. तिले खाली उतरू दे."

"कोण काजळी?"

त्यांचे हात थांबले. "तू नाही वाचली? मंग कपाटाची चाबी तुले देल्ली कोनं?"

बाया हसल्या. त्या रात्री मी पहिला भाग वाचला. चार भागांची अद्भुत कादंबरी होती. एक जादूगार राजा प्रजेच्या सावल्या काढून किल्ल्यात कोंडतो; ज्याची सावली गेली तो हळूहळू विरत जातो. काजळी ही त्या शहरातली चोर. तिला जादू येत नाही. तिला फक्त दोर, कुलपं आणि भूक कळते.

पार्बताबाई हे पुस्तक भेटेल त्याला सुचवत. पोस्टमनला, दळणाला आलेल्या बायांना, कंपाउंडरला. बाजाराच्या दिवशी वाचनालयात येऊन कपाटाशी उभ्या राहत आणि कुणी दुसरं पुस्तक घेतलं की म्हणत, "ते ठेव. काजळी ने. बाकीच्या गोष्टीतल्या रान्या कोसभर धावतात अन् दम नाही लागत. हिले लागते. भिंत चढली का हात सोलते. चोरी कराच्या आंधी भाकर खाऊन घेते. भिते, तरी जाते."

आमचे अध्यक्ष गुरुजी एकदा म्हणाले, "पार्बताबाई, चोरांच्या गोष्टी बायांना कशाला?"

"गुरुजी, तुमच्या पुस्तकातल्या बाया जेवत नाही, झोपत नाही, निसत्या रडतात. आमची चोट्टी बरी."

गुरुजींनी हसून विषय बदलला, पण चौथा भाग विकत घ्यायला सही केली नाही. शेवटी तुमसरच्या एका ओळखीच्या घरून मी जुनी प्रत वाचनालयासाठी मागून आणली आणि रजिस्टरमध्ये चढवली. कागद इतका कडक की उलटताना कोपरे तुटत. पडवीत जपून वाचन सुरू झालं. आईची सावली चोरून आणायला काजळी किल्ल्यात शिरली, आणि तीस पानं उरली असताना शनिवार संपला. "तुटून राहिलं बिचारं," म्हणत पार्बताबाईंनी पुस्तक स्वतः घरी नेलं.

सोमवारी सकाळी त्या वाचनालयाच्या दारात उभ्या. हातात सूप, सुपात पुस्तक.

तेंदूपत्ता वाळून कडक झाला की बिडीवाल्या बाया तो ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी तो नरम होऊन वळतो. त्यांनी पुस्तकाच्या वाचायच्या उरलेल्या पानांचंही तेच केलं होतं. शेवटच्या तीस पानांचा गोळा झाला होता.

"बाई, नरम होईन म्हनलं मी," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं बंद केलं तिले आत."

मी यादी केली. प्रकाशकाला पत्र: परत आलं, पत्त्यावर कोणी नाही. तुमसर: नाही. मोहाडी: नाही. भंडारा: नाही. नागपूरची दोन वाचनालयं: एकाकडे पहिले दोन भाग, दुसऱ्याकडे काहीच नाही. एकेका नावावर रेघ मारत गेले. पार्बताबाई दर बाजाराला विचारत, "निंगाली का ते बाहेर?" पुढे त्यांचं येणं बंद झालं. छाती भरली होती. डॉक्टरांनी तंबाखूपासून लांब राहायला सांगितलं, आणि त्या खाटेवर बसून वळत राहिल्या.

१९८१च्या उन्हाळ्यात चंद्रकला येऊन म्हणाली, "बाई, आता जास्त दिवस नाही. ते तेच विचारून राहिली." मी दुपारी गेले. सोबत कव्हर घातलेलं भलतंच पुस्तक नेलं. "मिळालं," म्हणाले, आणि वाचल्यासारखं करत सांगत गेले. काजळी सगळ्या सावल्या घेऊन बाहेर येते, राजा मरतो, आईला सावली मिळते, लोक तिला खांद्यावर घेतात.

त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग विचारलं, "दोर कायले बांधला तिनं?"

मी पान उलटलं.

"हात सोलला होता ना तिचा? त्या हातानं कशी चढली?"

"पार्बताबाई..."

"बाई, तू वाचून नाही राहिली. सांगून राहिली." आवाजात राग नव्हता. "नोको बनवू काही. राहू दे तिले आतच."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. पडवीत नंतर रेडिओ आला. चंद्रकला म्हणते, वाचायला आता तिचाही दम पुरत नाही. काजळीचे पहिले तीन भाग कपाटात आहेत. सहा वर्षांत एकदाही कुणी नेले नाहीत. मीही कुणाला सुचवलेले नाहीत. शेवट विचारला तर काय सांगू?

चौथ्या भागाचा गोळा खालच्या कप्प्यात आहे. वाफ देऊन पाहिली, पातळ सुरीनं पाहिलं. कागद सुटतो तेव्हा अक्षरं समोरच्या कागदाला चिकटून येतात. दर मार्चला बाद पुस्तकांची यादी समितीकडे जाते, म्हणजे रजिस्टरमधून ती कायमची कमी होतात. यंदाचीही तयार आहे. एकोणीस नावं, गुरुजींची सही तेवढी बाकी. विसावं नाव लिहायचं राहिलं आहे.