पॅटच्या गाण्यातला बास

लोकांचे असे अतर्क्य अनुभव मी आजवर वाचून सोडून देत आलो. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणं हे माझं काम. पुरावा नसलेली गोष्ट मी खरी धरत नाही... आणि आता मीच लिहायला बसलो आहे.

माझी बायको मीनल बास गिटार वाजवायची. स्वतःचा बँड नाही, बोलावतील त्यांच्यासाठी. पुण्यात जाहिराती, भावगीतं, लग्नातले ऑर्केस्ट्रा. माझ्या नोकरीमुळे आयर्लंडमध्ये, नावनला आल्यावर इथले कंट्री संगीताचे गायक, चर्चचा कॉयर, मराठी मंडळाचा गणपती. बरंचसं काम घरूनच — गाणं ईमेलने यायचं, ती वरच्या छोट्या खोलीत आपला भाग वाजवून पाठवायची. शेजारच्या खोलीत मी वाचत बसायचो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली.

वसंतात पोर्टलीश गावाहून पॅट आला, त्या कंट्री गायकांपैकीच एक. मीनलने त्याच्यासाठी पुष्कळ वाजवलं होतं. तिच्या अंत्यविधीहून घरी गेल्यावर त्याने एक गाणं लिहिलं, रेकॉर्ड केलं. त्यात बास होता, आणि तो कोणी वाजवला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ड्रमरला वाटलं पॅटने मागवला, पॅटला वाटलं ड्रमरने. अल्बमवर नाव कुणाचं घालायचं?

जुनी एखादी फाइल जोडली गेली असेल, मी म्हणालो.

"शेवटच्या कडव्याला मी ऐन वेळी पट्टी चढवली. बासही तिथेच चढतो." मग हळूच म्हणाला, "नवरा तू तिचा. तुला कळेलच."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऐकलं. पुन्हा ऐकलं. यातला बास कुठला, हेच आधी त्याला मला दाखवून द्यावं लागलं. तिचा हात मला ओळखता आला नाही. पॅट खिडकीबाहेर बघत राहिला — माझ्याकडे बघायला नको म्हणून.

"ग्रँड," तो म्हणाला, इथे 'असू दे'ला म्हणतात तसं. "शेवटी कुणीतरी बोलतंय. तुमची भाषा असावी."

त्याने आवाज वाढवला. शेवटचा सूर विरताना, भिंतीपलीकडून आल्यासारखा, पुरुषाचा आवाज. रागावलेला नाही, नुसता कंटाळलेला.

"मीनल, दार लावून घे गं."

माझाच.

पॅटने अर्थ विचारला. मी सांगितला. त्याने कप खाली ठेवला.

"कापू का तेवढं?"

"नको. आणि नाव तिचंच घाल."

तो आवाज ती गेल्यावर लिहिलेल्या गाण्यात कसा आला, मला आजही सांगता येत नाही. वरच्या खोलीचं दार आता मी उघडंच ठेवतो. आतून काही ऐकू येत नाही.