शेवटच्या घरापर्यंतचं नेट

हळर्णला डोंगराच्या अंगाला आमचं घर, वाड्यावरचं, म्हणजे आमच्या वस्तीतलं, शेवटचं. मोबाईलला रेंज म्हणून नाही. रस्त्याकडच्या एका घरात नेटची केबल आली, तेव्हा वाड्याने ते वाटून घ्यायचं ठरवलं. घराघरात वायफायचा एकेक डबा ठेवला. या डब्याकडून त्या डब्याकडे नेट पुढे सरकतं. आमच्याकडे ते शेजारच्या काकांच्या डब्यातून यायचं.

मी तुयेच्या कारखान्यात कामाला. घरी आई एकटी, हृदयाचं दुखणं. गेल्या वर्षी न्हाणीत पडली, तर तासभर कोणाला पत्ता नाही. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉलवर तिचं तोंड बघितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

त्या दिवशी कॉल लागेना. पाच वेळा केला, दहा वेळा केला. रस्त्याकडच्या घरी नेटवरूनच फोन लावला, तर तिथली बाई म्हणते, "आमचं नेट बरं चालतंय गे." झालं! म्हणजे जे काय झालंय ते आमच्याच घरात. सुपरवायझर काहीतरी विचारत होता. त्याला म्हटलं, खड्ड्यात गेली तुझी शिफ्ट, आणि स्कूटर काढली. वाटभर डोळ्यांसमोर न्हाणीची ओली फरशी.

वाड्याच्या तोंडाशी पोचले आणि रडणं ऐकू आलं. बायकांचं. वरून, आमच्याच बाजूने. आमचं आणि काकांचं अंगण लागून. तिथे माणसं जमलेली. कोणत्या दारातून रडणं येतंय ते काही कळेना. आणि मी मोठ्याने म्हणाले, हो, म्हणालेच मी, "देवा, आमचं नको. त्यांचं असू दे."

त्यांचंच होतं. काका बसल्या जागी गेले होते. मयताच्या घरात टीव्ही चालत नाही, म्हणून कोणीतरी टीव्हीचा प्लग काढला आणि शेजारच्या डब्याचाही काढला. त्यांना बापड्यांना काय ठाऊक, त्या प्लगवर आमचं घर टांगलंय ते!

आई त्यांच्याच सोप्यावर बसली होती, धडधाकट. तिला बघून मला इतकं हायसं वाटलं की तिथे, त्या घरात, मला चक्क हसू फुटलं असतं. ओठ चावून उभी राहिले.

काकीने मला बघितलं. अंगावर कारखान्याचा कोट, घामाने थबथबलेली, डोळे भरलेले. तिने स्वतःचं रडं आवरलं. "भिऊ नको गे बाय, तुझी आवय हंयच आसा. एकटी नको म्हणून मीच बोलावून घेतली." मग आपल्या भावाकडे वळून म्हणाली, "तो प्लग घाल बघू परत. हिची आवय दिवसभर एकटी असते."

माझे डोळे पुसायला तिने आपला पदर पुढे केला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.