कर्नल गोळे आणि दोन रंगांचे दगड

१. दोन शेजारी देशांनी एका तिसऱ्या, युद्धाने पोखरलेल्या देशाच्या सैन्याला भूसुरुंग काढायला शिकवायचे ठरवले. प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवले, आणि दुसऱ्याच्या आधी पोचायची घाई केली.

२. पहिल्याने शिकवले: दगड अर्धा लाल, अर्धा पांढरा रंगवा. लाल बाजू सुरुंगांकडे, पांढरी आपल्याकडे. पांढरा दिसला की थांबा, धोका पलीकडे आहे.

३. दुसऱ्याने शिकवले: तोच दगड, तेच रंग. लाल बाजू येणाऱ्या माणसाकडे. लाल दिसला की थांबा. पांढरा दिसला की पुढची जमीन मोकळी.

४. पहिल्याकडे शिकलेल्या तुकडीने एका रस्त्यालगत दगड लावले. दुसऱ्याकडे शिकलेला एक जवान त्या रस्त्याने आला. त्याला पांढरा दिसला. तो पुढे गेला.

५. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

६. दोन्ही देशांनी चौकशी केली. दोघांनाही आपले प्रशिक्षण निर्दोष आढळले.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला ठाऊक आहे. पण निवृत्त कर्नल यशवंत गोळे यांच्याबद्दल लिहायचे, तर त्यांच्या पंचाहत्तराव्या वर्षी ते कशात गुंतलेले आहेत हे आधी सांगायला हवे. तिन्ही देशांची नावे मी दिलेली नाहीत. तशी सरांचीच सूचना आहे. त्यांचे म्हणणे असे, की नावे दिली की वाचणारा लगेच कोण बरोबर ते ठरवून टाकतो.

सरांची माझी ओळख तीन हिवाळ्यांपूर्वी झाली. मी मूळची नागपूरची. विंडसरला शिक्षण संपवून व्हिटबीतल्या एका छोट्या कंपनीत लागले होते. आम्ही सैनिकांच्या सरावासाठी संगणकावरचे आभासी मैदान तयार करतो. एका मदतसंस्थेने त्या तिसऱ्या देशाच्या सैन्यासाठी सुरुंग काढण्याच्या सरावाचे काम दिले आणि सल्लागार म्हणून सरांचे नाव सुचवले. आयुष्यभर भारतीय लष्कराच्या अभियंता दलात सुरुंग काढलेले सर निवृत्तीनंतर लेकीजवळ व्हिटबीला राहायला आले होते. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा रात्रभर बर्फ पडून ऑफिसचे दार अडले होते. आम्ही आत बसून बर्फ उपसणाऱ्या माणसाला फोन लावत होतो. सरांनी गाडीतून स्वतःचे फावडे काढले, वाट केली, बूट झटकून आत आले आणि माझ्या पडद्यासमोर उभे राहिले.

"हा दगड कोण बघतंय?" त्यांनी विचारले.

"वापरणारा, सर."

"तो कुठे उभा आहे?"

मी दगड अचूक काढला होता. बघणारा माणूस काढलाच नव्हता. "इंजिनियरबाई," ते म्हणाले, "आधी माणूस उभा करा. दगड मग लावू." तेव्हापासून मी इंजिनियरबाई आहे. माझे खरे नाव त्यांना माहीत आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही.

सरांच्या कामाची पद्धत या एका प्रश्नात आहे. नियम कोणता हे ते नंतर पाहतात. तो नियम वाचणारा कुठून येतोय, दमलेला आहे का, घाबरलेला आहे का, हे आधी विचारतात. त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे भांडणही त्यांनी असेच सोडवले. हिवाळ्याआधी इथे घरापुढच्या गाडीवाटेच्या, म्हणजे ड्राइव्हवेच्या, कडेला नारिंगी काठ्या रोवतात, बर्फ काढणाऱ्या गाडीला हद्द कळावी म्हणून. डावीकडचा काठी सिमेंटला खेटून लावी, उजवीकडचा हिरवळीत. दरवर्षी कोणाची तरी हिरवळ खरवडली जाई आणि मार्चपर्यंत भांडण चाले. सरांनी दोघांना बोलावले, त्यांच्या पत्नी शैलाकाकूंनी बटाटेवडे तळले आणि तासाभरात काठ्यांची जागा ठरली. काकू अजून म्हणतात, "यांनी काही केलं नाही. तोंडं भरलेली होती, म्हणून भांडण झालं नाही."

दोन देशांचे मात्र बटाटेवड्यांवर भागले नाही.

अपघातानंतर सरांनी दोन्ही देशांच्या, इथल्या राजधानीत ओटावात असलेल्या लष्करी प्रतिनिधींना एकत्र भेटायची विनंती केली. पहिले प्रतिनिधी दुसऱ्यांच्या कचेरीत जायला तयार नव्हते, दुसरे पहिल्यांच्या. हॉटेल ठरवले, तर आरक्षण कोणाच्या नावावर यावर ते अडले. अखेर सरांच्या घराखालच्या बेसमेंटमध्ये भेट ठरली. मग आधी कोण पोचणार, हा प्रश्न निघाला. हे सगळे फोन माझ्याकडे येत होते. मी सॉफ्टवेअर लिहिते; दोन सेनाधिकाऱ्यांनी दाराची घंटा कोणत्या क्रमाने वाजवावी, हे ठरवण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही.

"तुम्ही चिडता कसे नाही, सर?" मी विचारले.

"चिडतो की. पण सुरुंगावर चिडून तो निघत नाही."

भेटीच्या दिवशी सरांनी तळ्याकाठून आणलेले गोटे लाल-पांढरे रंगवून बेसमेंटच्या गालिच्यावर मांडून ठेवले होते. काही पहिल्या पद्धतीने, काही दुसऱ्या. पलीकडे छोट्या टेबलावर काकूंनी चहा ठेवला होता. दोन्ही अधिकारी जिना उतरून आले.

"या, चहा घ्या," सर इंग्रजीत म्हणाले. "तेवढे दगड बघून या. कुठला कोणी लावलाय ते मात्र विचारायचं नाही."

पहिल्यांनी एक पाऊल उचलले आणि परत घेतले. दुसरे जागचे हललेच नाहीत.

"आमची पद्धत जास्त जुनी आहे," पहिले म्हणाले.

"जुनी असेल. माणूस थांबला पाहिजे म्हणून लाल त्याच्यासमोर, हे लहान मुलालाही कळतं," दुसरे म्हणाले.

"मग जा ना पुढे."

"आधी तुम्ही. तुमची परंपरा जुनी."

काकू सोफ्यावरून मराठीत म्हणाल्या, "अहो, सांगा त्यांना, चहा निवतोय." सरांनी भाषांतर केले. कोणी हलले नाही. शेवटी काकूच उठल्या, दगड पायाने बाजूला सारले आणि दोघांच्या हातात कप दिले.

त्यानंतर सरांनी आपला प्रस्ताव मांडला. दगडाचे दोन भाग करूच नयेत. जिथे जायचे नाही तिथे पूर्ण लाल दगड. चालायच्या वाटेच्या दोन्ही कडांना पूर्ण पांढरे. मग बघणारा कुठेही उभा असो, कुठूनही येवो, त्याला एकच रंग दिसेल. दोन्ही अधिकाऱ्यांनी मान्य केले की हे बरोबर आहे. मी तिथे होते, मी ऐकले. मग पहिल्यांनी विचारले, ही त्यांच्या देशाची सुधारित पद्धत म्हणून जाहीर होईल का. दुसऱ्यांनीही तेच विचारले. सर म्हणाले, "दोघांनीही आपापलं नाव द्या. दगड एक ठेवा." आपापल्या राजधानीला विचारून कळवतो, असे दोघे म्हणाले. ते ऑगस्टमध्ये. आता गाड्यांना हिवाळी टायर लावून झाले, तरी उत्तर नाही.

सरांच्या स्वभावाबद्दल मला दोनच गोष्टी लिहायच्या आहेत. विंडसरच्या जुन्या मैत्रिणींना भेटून मी बर्फात गाडी चालवत परत येते तेव्हा सरांचा फोन येतो. "पोचलीस?" मी म्हणते, "पोचले." फोन बंद. इतर वेळी इंजिनियरबाई आणि अहो-जाहो. एकेरी फक्त या एका शब्दात. एकदा फोन आला नाही, तर मीच केला. काकू म्हणाल्या, "आंघोळीला गेलेत, पण आधी तीनदा खिडकीशी जाऊन आले."

दुसरी गोष्ट त्या जवानाची. सर दर रविवारी दुभाष्यामार्फत त्याच्याशी व्हिडिओवर बोलतात. एकदा मी शेजारी बसले होते. जवानाने विचारले, "साहेब, मग बरोबर कोणतं होतं? मी चुकलो का?" सरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "तुला शिकवलं ते तू बरोबर केलंस. दगड लावणाऱ्यानंही बरोबर केलं." दुभाष्याने ते सांगितल्यावर जवान हसला. त्याने सांगितले की त्याचा धाकटा भाऊ सैन्यात भरती झाला आहे आणि पुढच्या तुकडीत सुरुंगांचेच काम शिकणार आहे. कोणत्या देशाकडे, ते अजून ठरलेले नाही.

त्या रविवारनंतर त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्कार समितीने शाल-श्रीफळाचे विचारले, तेव्हा सर म्हणाले, "शाल नको, व्हिटबीत जॅकेट लागतं. मला त्या दोन राजधान्यांचं उत्तर आणून द्या."

त्याऐवजी दोन्ही प्रतिनिधींनी या ग्रंथासाठी शुभेच्छासंदेश पाठवले. दोन्ही उत्तम आहेत. दोघांनीही आपला संदेश आधी छापावा अशी अट घातली आहे. समोरासमोरच्या पानांवर छापू म्हटले, तर डावे पान कोणाचे, असे दोघांनी विचारले. ग्रंथाची जुळणी माझ्याकडे असल्याने समितीच्या संमतीने मी निर्णय घेतला: एकही संदेश छापणार नाही. त्या पानावर फक्त उत्तर छापले जाईल, आले तर.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांनी बेसमेंटमधले गोटे खरवडून पुन्हा रंगवले आहेत, काही पूर्ण लाल, काही पूर्ण पांढरे. ते त्यांच्या खिडकीत पुढची अनेक वर्षे नुसते शोभेसाठी राहोत, आणि रविवारच्या फोनवर एके दिवशी दोन्ही भाऊ चालत पडद्यासमोर आलेले त्यांना दिसोत.

पुढचा मजकूर इंग्रजीत करून दोन्ही कचेऱ्यांना एकाच वेळी पाठवला आहे.

महोदय, नवी तुकडी पुढच्या महिन्यात सुरू होते. आमच्या आभासी मैदानात एकाच पद्धतीचे दगड ठेवता येतील. पूर्ण लाल आणि पूर्ण पांढरा दगड आपल्या देशाला मान्य आहे की नाही, हे एका ओळीत कळवावे. ग्रंथ शनिवारी छपाईला जातो. कृपया शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत उत्तर द्यावे.