वास्तुशांतीच्या दिवशी न काढलेली गोष्ट

वास्तुशांतीच्या जेवणाला गेले की नाना आधी यजमानांना बाजूला घेत आणि विचारत, "आगीचा विमा तुमच्या नावावर झाला का?" 'हो' ऐकल्याशिवाय पानावर बसत नसत. शुभ दिवशी आगीचं नाव कुणाला आवडणार? हळूहळू धुळ्यातल्या लोकांनी त्यांना बोलावणंच सोडलं.

नाना आमचे शेजारी, विमा कंपनीचे एजंट. मुळात फार भिडस्त. कुणाकडे पाणी मागायलाही संकोचायचे. ते बदलले धनाभाऊंमुळे.

धनाभाऊ शिंपी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी त्यांनी आमच्याच गल्लीत एका म्हाताऱ्या कारकुनाचं घर विकत घेतलं. कारकुनाचा आगीचा विमा नानांनीच उतरवलेला. "विमा घराचा नसतो, मालकाचा असतो," असं नाना नेहमी म्हणत. खरेदीखत झालं की जुन्या मालकाचा विमा संपला, नव्यानं स्वतःचा घ्यायचा. धनाभाऊंना वाटलं, घराबरोबर तोही आलाच. नाना सांगायला गेले, तो नेमका वास्तुशांतीचा दिवस. दाराला तोरण, धनाभाऊंची बायको नव्या लुगड्यात वाढत होती.

"त्या माउलीपुढे आगीचं नाव कसं काढू?" नाना मला पुढे म्हणाले. "म्हटलं, सोमवारी सांगू. जेवलो आणि आलो."

रविवारी दुपारी शेजारची कापसाची वखार पेटली. माणसं वाचली, पण धनाभाऊंचं घर आणि शिलाईचं मशीन गेलं. नाना धावत गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. धनाभाऊ म्हणाले, "तुम्हना काय दोष शे, नाना? आम्हना नशिबमा व्हतं."

धनाभाऊ मेहुण्याकडे बोदवडला गेले. तिथं पुन्हा दुकान मांडलं आणि लढाईच्या दिवसांत लहानसं घर बांधलं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं. नानांच्या सोबतीला मी गेलो. नाना धनाभाऊंच्या दारात उभे राहिले, पण नेहमीचा प्रश्न तोंडून निघेना. धनाभाऊंनीच त्यांचा हात धरला.

"इमा पहिलेच करी लिधा, नाना. आते जेवाले बसा."

नाना बसले. घास हातात तसाच राहिला. "मी तेव्हा एवढंच विचारायचं होतं, धना," ते म्हणाले आणि पानावरून उठले.

परतल्यावर त्यांनी एजंटाचं काम सोडलं. वर्षभरात गेले. धनाभाऊ बोदवडहून खांदा द्यायला आले होते. "आम्ही त्यासले कधी दोष दिधा नही," असं नानांच्या मुलाला पुन्हा पुन्हा सांगत होते.

मला वाटतं, नानांना तेच सोसलं नाही.