पायाखालचे थर

हाडं जोडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मोडलेली वस्तू हातात आली की मी आधी ती कुठे मोडली ते बघते, हळहळ नंतर. माझ्या मुलीचा काइटसर्फिंगचा बोर्ड दोन तुकड्यांत घरी आला तेव्हाही मी तेच केलं. ती स्वतः ओल्या सूटमध्ये हॉलमध्ये कुडकुडत उभी होती. स्कॉटलंडमधल्या आयर्शरच्या किनाऱ्यापासून बरंच आत, पतंगाच्या जोरावर उडी मारून खाली येताना बोर्ड पायाखाली मोडला होता, आणि उरलेलं अंतर ती पोहत आली होती. आमच्याकडचा समुद्र भर उन्हाळ्यातही अंग बधिर करतो.

"आई, आय ॲम फाइन," ती म्हणाली.

"तू गप्प बस. आधी गरम पाण्याने आंघोळ कर."

तुकडे घेऊन मी खिडकीशी गेले. निदान लगेच झालं. पायाखाली मजबुतीसाठी फायबरग्लासच्या कापडाचे जादा तुकडे चिकटवले होते, आणि ते सगळे एकाच रेषेवर संपत होते. बोर्ड बरोबर त्याच रेषेवर मोडला होता. हाडाला स्क्रूने बसवलेली धातूची पट्टी जिथे संपते तिथेच हाड पुन्हा मोडतं, हे मी हॉस्पिटलमधल्या ज्युनिअर डॉक्टरांना इतक्या वेळा सांगितलं आहे की ते पाठीमागे माझी नक्कल करतात.

"आता बोर्ड मी बनवणार," मी जाहीर केलं. मुलगी हसली. मी हसले नाही.

ग्लासगोच्या पावसात गाडी बाहेर काढली आणि गॅरेज ताब्यात घेतलं. बोर्डाची रचना सोपी असते. मध्ये हलक्या लाकडाची फळी आणि तिच्या वर-खाली रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेलं फायबरग्लासचं कापड. मला या कापडाचं अप्रूप नव्हतं. आमच्या प्लास्टर रूममध्येही त्याचीच पट्टी पाण्यात बुडवून मोडक्या हातापायांना गुंडाळतात. प्रश्न होता कोणतं कापड आणि किती थर.

कापड दोन प्रकारचं आणलं. एकाचे धागे बोर्डाच्या लांबीला सरळ जातात आणि बोर्ड वाकताना ताण घेतात. दुसऱ्याचे तिरके, फुली मारल्यासारखे. ते पीळ सोसतात. पीळ पडून मोडलेली नडगी ज्याने एकदा पाहिली आहे त्याला तिरक्या कापडाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. इथपर्यंत आमचं जमलं. थरांवरून मात्र वाजलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं मला दोन्ही बाजूंना जमतील तेवढे थर हवे होते. मी कापडही तसंच कापून ठेवलं होतं.

मुलगी शाळेत फिजिक्स शिकवते. तिने तो ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आई, हे प्लास्टर नाही आहे! प्लास्टर लेग हलू नये म्हणून असते. माझी बोर्ड बेंड झाली पाहिजे, नाहीतर सगळा शॉक माझ्या गुडघ्यांमध्ये येणार."

"मला गुडघे शिकवतेस?"

"हो. आज शिकवते."

मला राग आला. पण राग आला म्हणून मी कधी चुकीचं ऑपरेशन केलेलं नाही. उरलेल्या लाकडाच्या दोन पट्ट्यांवर आम्ही वेगवेगळे थर दिले, रेझिन पक्कं होऊ दिलं, मग दोन विटांवर एकेक पट्टी आडवी ठेवून मी स्वतः तिच्यावर उड्या मारल्या. जाड थरांची पट्टी ढिम्म हलली नाही, आणि माझ्या पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी तत्काळ मुलीच्या बाजूने साक्ष दिली. दुसरी पट्टी कुरकुरली, वाकली आणि मी उतरताच सरळ झाली. अति तिथे माती, हे मला माझ्याच गॅरेजमध्ये पटलं.

शेवटी प्रत्येक बाजूला एक तिरका थर आणि त्यावर एक सरळ, एवढंच ठेवलं. पायाखाली मात्र जादा तुकडे दिले. ते मी लहानमोठे कापले, म्हणजे त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या दूर दूर संपतील. ते काम मी तिला करू दिलं नाही. जास्तीचं रेझिन निपटून काढलं, बोर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाने हवा ओढली आणि हीटर लावून दार बंद केलं. पिशवीतून निघालेला बोर्ड सरळ, घट्ट आणि देखणा होता. मी आयुष्यात पुष्कळ चांगली कामं केली आहेत, त्यांत हे एक.

नेमकं नवरात्र चालू होतं. खंडे नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते: सुऱ्या, पक्कड, ड्रिल, माझा हाडं ठोकायचा जुना हातोडा. त्या दिवशी ती उचलायची नाहीत, दसऱ्याला उत्तरपूजा झाली की मगच वापरायची. यंदा मी त्यांच्याशेजारी बोर्डही मांडला, त्याला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. तेवढ्यात मुलगी पतंगाची बॅग खांद्यावर टाकून आली.

"परफेक्ट वारा आहे. मी बोर्ड घेते."

"आज नाही. पूजेला बसलाय."

"उद्या वारा नाही आहे, आई."

"मग परवा जा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझा ट्रस्ट नाही का बोर्डवर?"

"बोर्डवर आहे."

"मग?"

"समुद्रावर नाही."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती वाकली, देवीला नमस्कार केला आणि म्हणाली, "ओके. मी फ्रेंडकडून तिची जुनी बोर्ड घेते."

मला तो जुना बोर्ड डोळ्यांसमोर दिसला. त्याच्यातले थर दिसले, एकाच रेषेवर संपणारे. देवाच्या नावाने मी तिला घरात अडवत होते आणि त्यापायी ती भलत्याच फळीवर उभी राहणार होती. शिवाय देवीच्या हातातली शस्त्रं काही शोभेची नव्हती. मी अक्षता वाहिल्या, बोर्ड जरासा सरकवला आणि एक दिवस आधीच उत्तरपूजा उरकली. "चल," म्हणाले, "गाडी मी चालवते."

किनाऱ्यावर वारा उभं राहू देत नव्हता. ती पाण्यात शिरली, पतंगाने तिला उचललं, आणि ती उंच जाऊन इतक्या जोरात खाली आली की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पुढे गेली होती. पुन्हा उडी, पुन्हा पाणी. बोर्ड वाकत होता आणि सरळ होत होता. ती मागे वळली नाही. जिथे पहिला मोडला होता त्याच्याही पलीकडे गेली, ठिपक्याएवढी झाली.

कुत्रा फिरवणारा एक म्हातारा माझ्याजवळ थांबला. "तुमचीच ना ती?" त्याने इंग्रजीत विचारलं. "फार लांब चाललीये."

"हो," मी म्हणाले. "तो बोर्ड मी त्यासाठीच बनवलाय."

हे सांगताना माझा आवाज अगदी खणखणीत होता. रडू त्यानंतर आलं.