उडालेला पुष्कराज

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. मी सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे खडे बसवायला शिकायला गेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी मला सहा महिने खऱ्या खड्याला हात लावू दिला नाही. पितळेच्या अंगठ्या आणि काचेचे खडे, बस. पुंडलिकनगरच्या घरी चिमट्याचा सराव मी साबुदाण्यावर करायची. एका चतुर्थीला नवऱ्याच्या खिचडीत काचेचा हिरवा खडा निघाला. तेव्हापासून ते खिचडी चष्मा लावून खातात.

त्या गुरुवारी उस्तादांनी पहिल्यांदा माझ्यासमोर खरा पुष्कराज ठेवला. गिऱ्हाईक समोरच सतरंजीवर बसलं होतं. करमाडचा मुलगा, शेंद्र्याला कंपनीत नोकरी, अंगात नवा शर्ट, पायात नवे मोजे. देवगाव रंगारीला मुलगी बघायला निघाला होता. आई-वडील आणि मामा बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होते. आधी दोन मुलींनी त्याला नकार दिला होता. गुरुजींनी सांगितलं होतं, पुष्कराज बोटात असल्याशिवाय मुलीच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही.

"ह्या टायमाला जमलं पायजे, मॅडम," तो म्हणाला. मला त्याची फार दया आली, आणि दया आली की माझा हात जड होतो. कोंदणाची कड एका बाजूनं जास्त दाबली गेली. टिक् झालं आणि खडा उडाला. मुलगा दचकून उभा राहिला.

"हिलना नै!" उस्ताद ओरडले. "कोई हिलेगा नै!"

खडा उडाला की जो जिथं असेल त्यानं तिथंच थांबायचं, हा त्या दुकानाचा कायदा. हलायचं फक्त उस्तादांनी. ते गुडघ्यांवर आले आणि बॅटरी घेऊन रांगू लागले. त्यांनी माझा पदर झटकला, चपलांचा ढीग उपसला, चहाच्या कपात बोट घातलं. मी उजवा हात वर करून बसले होते. तीस वर्षं मी वर्गावर ओरडले, पण अशी शिस्त मला एकदाही लाभली नाही. लाज मात्र इतकी वाटत होती की धरणी पोटात घेईल तर बरं.

मुलाचा फोन वाजला. हात हलवू का, असं त्यानं डोळ्यांनीच विचारलं. उस्तादांनी मान डोलावली. मुलीनंच फोन केला होता, बायोडाटावरच्या नंबरवर. त्यानं घाबरून स्पीकर लावला.

"निघालात का? पोहे गार व्हायलेत."

"नाय. उभाय मी."

"कुठं?"

"सोनाराच्या दुकानात. खडा उडालाय. सापडंपर्यंत हलायचं नाय म्हणलेत."

"कवापासून?"

"झाले असतील ईस मिनटं."

गेलं, मी मनात म्हटलं. माझ्या हातानं पोराचं लग्न मोडलं.

एवढ्यात उस्ताद रांगत रांगत त्याच्यापाशी पोचले. "पाँव उठाव." त्यानं डावा पाय उचलला. काही नाही. उजवा उचलला तर मोज्याला तळव्याखाली पुष्कराज चिकटलेला. उस्तादांनी तो भिंगाखाली फिरवून पाहिला. एक ओरखडा नव्हता.

"चुभा नै तेरे को?" त्यांनी विचारलं.

"चुभतंय की कवाचं," मुलगा म्हणाला. "लई चुभतंय. पण तुमीच म्हणलात, हलायचं नाय."

उस्तादांनी कपाळाला हात लावला. मला हसू फुटलं, पण ते फोनमधल्या हसण्यात बुडून गेलं. मुलगी हसत होती, तिच्यामागं आणखी कुणी बायका हसत होत्या. मुलाचे कान लाल झाले.

"ऐका," हसू आवरत ती म्हणाली. "अंगठी ऱ्हाऊ द्या तिथंच. तसेच या. मी पोहे गरम करते."

"पण गुरुजी म्हणले व्हते..."

"आता मी म्हणते ना."

त्यानं उस्तादांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी अगदी वर्गात म्हणायची तशी म्हणाले, "जा!" बूट हातातच घेऊन तो गाडीकडे पळाला.

उस्तादांनी खडा पुसून पुन्हा माझ्यापुढं ठेवला. आता घाई कुणालाच नव्हती. माझा पहिला खरा खडा मी त्या दुपारी सावकाश बसवला.

अंगठी न्यायला महिन्याभरानं ते दोघं मिळून आले.