रुखमाबाईचा अंगठा

रुखमाबाई गल्लीत शिरली की गावातली माणसं पाय लपवतात. लोकांना पाहून तोंड लपवणारे आपल्याला कुठंही भेटतात, पण पाय लपवणारं गाव हे एकच असावं. ओट्यावर पाय सोडून बसलेले म्हातारे पटकन मांडी घालतात. बाया लुगड्याचा काठ घोट्याखाली ओढतात. भगवंतराव तर गावातला बडा कास्तकार, पण गडी भर वैशाखात गुडघ्यापर्यंत मोजे घालून हिंडतो. कारण विचारलं तर सगळे एकच सांगतील, की या बाईचा अंगठा नडगीला लागला की माणूस वर्ष काढत नाही.

ती काही चेटकीण नाही. साठीची, काटक, खालमानेनं चालणारी विधवा बाई आहे. तिनं आजवर कोणाच्या काडीला हात लावला नाही. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ते कोण पुसणार?

तिचं माहेर जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या विहिरींचं पाणी गोड. लग्न होऊन ती खाली पूर्णेकडे, खारपाणपट्ट्यात आली. इथं जमिनीखाली पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. सासरचा पहिलाच घोट तिनं थुंकला, तेव्हा सासू म्हणाली होती की सवय होते. आणि खरंच झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हेच तर दुखणं आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती म्हणून सोडा टाकायचा, तोही अंगवळणी पडला. पुढं गावात फिल्टरच्या पाण्याचे कॅन यायला लागले, तर गड्यांना ते सपक लागायला लागलं. तहानच भागत नाही म्हणे. मग ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पिणारे महाभाग निघाले, आणि त्यात पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा, वामनरावांचा.

वामनराव राबणारा माणूस. दिवसभर कपाशीत वाकून अंग मोडून आलं की किराणा दुकानातली अंगदुखीची गोळी घ्यायचे, भाकरीसोबत ठेचा, पापड, लोणचं खायचे आणि बाजेवर पाय लांब करायचे. रुखमाबाई पाय चेपून द्यायची. एका साली तिला जाणवलं की नवऱ्याच्या नडग्या भरल्यात. जिथं हाड लागायचं तिथं आता मऊ मांस लागतंय, अंगठा दाबला की खळी पडतेय. तिला इतकं बरं वाटलं. आपल्या हातचं खाऊन शेवटी यांनी अंग धरलं, असं ती शेजारणीला कौतुकानं सांगून आली. डोळ्यांखालीही भरल्यासारखं दिसायचं. तब्येत सुधारली म्हणून तिनं त्या साली देवाला नारळ फोडला.

वर्षभरानं वामनरावांना धाप लागली, तेव्हा अकोल्याला नेलं. तिथल्या नर्सनं नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि खळीकडे बघत राहिली. हे कधीपासून आहे असं तिनं विचारलं. रुखमाबाईनं खरं ते सांगितलं.

"तेव्हाच आणायचं होतं, आई," एवढंच ती नर्स म्हणाली.

डॉक्टरांनी नंतर पुष्कळ समजावलं. दोन्ही किडन्या आकसल्या होत्या. पाणी असेल, मीठ असेल, गोळ्या असतील, आणखी काही असेल, नेमकं एकावर बोट ठेवता येत नाही, पण सुरुवातीला रक्त तपासलं असतं तर हे लांबवता आलं असतं, असं ते म्हणाले. बाईच्या डोक्यात त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. वामनराव त्या पावसाळ्यात गेले.

गेले म्हणायचं आपलं. रुखमाबाईसाठी ते घरातच होते. भाकरीचं पीठ मळताना गोळ्यावर अंगठ्याची खूण उमटली की तिचा हात थांबायचा. भर दुपारी, सून शेजारी भाजी निवडत असताना, रुखमाबाईला रिकाम्या बाजेवर नवऱ्याचे पाय दिसायचे. सुजलेले, तुळतुळीत. आणि आवाज यायचा, नेहमीचा, समाधानी. "दाब वं. बरं वाटते." त्यांना राग आला असता तर तिनं सोसला असता. ते खूश होते, हेच तिला सोसवत नव्हतं.

मग ती उठली आणि गावाचे पाय दाबत सुटली. जो भेटेल त्याला खाली बसवायची, अंगठा दाबायची, उचलायची. खळी लगेच भरली की म्हणायची, जा बाप्पा, सुखानं राह्य. नाही भरली तर हात जोडायची, की उद्याच्या उद्या रक्त तपासून ये. सोबत तिचं चार गोष्टींचं पुराण असायचं: विहिरीचं पाणी पिऊ नको, पापड-लोणच्याला आवर घाल, दुकानातली गोळी खाऊ नको, सालातून एकदा तपासून घे. लोक हो हो म्हणायचे. पण ज्याचं काही दुखत नाही तो बस पकडून दवाखान्यात कशाला जाईल? रामरावांच्या पायावरची खळी भरली नाही. त्यांनी हसण्यावारी नेलं आणि पुढच्या दिवाळीआधी ते गेले. आशाबाईचं तसंच झालं. ज्यांच्या खळ्या भरल्या ते ढीगभर लोक आजही गावात हिंडतायत, पण त्यांचा हिशेब कोण ठेवतो? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि गावानं कावळ्यालाच धरलं.

सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू तिलाही ते पटायला लागलं. वामनरावांचे पाय कोण चेपत होतं? रामरावांना अंगठा कोणी लावला? ती आपल्याच अंगठ्याकडे परक्यासारखी बघत बसायची. कापल्याचं निमित्त करून तिनं त्यावर चिंधी बांधली, ती महिनोन्‌महिने सोडली नाही.

त्यातच मुलाच्या, इंद्रभानच्या, कानावर लोकांचं बोलणं गेलं. चौकात कोणीतरी त्याला, तुझ्या मायले घरी बांधून ठेव, म्हणालं होतं. त्यानं घरी येऊन आईचा हात धरला आणि आपल्या लेकीच्या, छकुलीच्या, डोक्यावर ठेवला. यापुढं कोणाच्या पायाला हात लावणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. रुखमाबाईनं घेतली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं.

ते सुटणं होळीपर्यंत टिकलं. होळीनंतर इंद्रभान घरातही मोजे काढेना. पूर्वी मालाची गाडी लावून आला की ओट्यावर पाय लोंबते सोडून चहा प्यायचा. आता मांडी घालून बसायचा आणि वर टॉवेल पांघरायचा. सकाळी त्याच्या डोळ्यांखाली फुगीर दिसायचं. सून सुचिता म्हणायची, ड्रायव्हिंगनं झोप होत नाही त्यांची. रुखमाबाई मान डोलवायची आणि चिंधीतला अंगठा मुठीत आवळून धरायची. एकुलता एक पोरगा. दाबावं तर नातीची शपथ, आणि शपथ मोडली तरी हा अंगठा त्याला लावायचा कसा? न दाबावं तर पुन्हा तेच वर्ष. बाजेवरचे पाय आता तिला रोज दिसायला लागले, आणि ते वामनरावांचे की इंद्रभानचे, हे तिला ओळखू येईना.

मग आखाजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, आणि गेलेल्या माणसाच्या जागी गावातल्या कोणाला तरी जेवायला बोलावतात. घरातलं कोणी त्याचे पाय धुतं, त्याला पाटावर बसवतं, आणि तो जेवला म्हणजे आपलं माणूस जेवलं. वामनरावांच्या जागी दरसाल त्यांचे मित्र भगवंतराव बसायचे. पण गेल्या आखाजीला, शपथेच्या आधी, पाय पुसता पुसता रुखमाबाईनं त्यांच्या नडगीवर अंगठा टेकवला होता. त्यांचे मोजे तेव्हापासूनचे. यंदा त्यांनी गुडघा धरल्याचा निरोप पाठवला.

इंद्रभान दुसरं कोणी बघायला निघाला. एकाला नेमकं लेकीकडे चिखलीला जायचं होतं. एकाला उपास होता, आखाजीला! तिसऱ्यानं तर दारातच सांगितलं, की जेवायला येतो, पण पाय धुवू देणार नाही. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, तरी पाट रिकामाच. पाटासमोर ताट वाढून तयार होतं. आमरस, पुरणपोळी, भजी, आणि वामनरावांच्या जिवाचे पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या. आजारपणात रुखमाबाईनं त्यांना यातला कण दिला नव्हता. ते मागायचे आणि ती तोंड फिरवायची. मेलेल्या माणसाला पथ्य नसतं, म्हणून सालातून एकदा ती सगळं हात सैल सोडून वाढायची.

इंद्रभान घामाघूम होऊन परतला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानंच बाईला जास्त भीती वाटली.

"तुह्या अंगठ्यापायी माहा बाप उपाशी बसला," तो म्हणाला. मग तो खाली बसला आणि मोजे काढायला लागला. "आता मीच बसतो त्याच्या जागी. धू पाय."

सुचिता पुढं झाली. "अहो, पोरगं बापाच्या पाटावर बसत नाई. लोक काय म्हणतीन!"

"लोकच तर येत नाईत ना," तो म्हणाला, आणि पाटावर जाऊन बसला.

मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ त्याच्या पिंढरीत रुतली होती, दोरीनं आवळल्यासारखी. रुखमाबाईनं परात सरकवली, तांब्यानं पाणी ओतलं. अंगठ्याची चिंधी भिजून सुटली. समोर कोण बसलंय हे क्षणभर तिला कळेना. तोच पाट, तीच नडगी, तेच मऊ मांस हाताखाली.

इंद्रभान खाली बघत नव्हता. आढ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "होळीपासून हाय. तुले सांगतलं नाई. वाटे, तुनं दाबलं की खरं होईन." मग त्यानं खाली पाहिलं. "आता दाब."

तिनं छकुलीकडे पाहिलं. पोर दाराशी उभी होती. मग तिनं डोळे मिटून अंगठा टेकवला, दाबला, उचलला.

"भरला का वं, माय?"

भरला म्हणणं किती सोपं होतं. सण होता, सुनेचा जीव टांगणीला लागला होता, लेक उपाशी होता. आणि बाजेवरून तो समाधानी आवाज यायला लागला होता, बरं वाटते म्हणणारा. रुखमाबाईनं डोळे उघडले. खळी तशीच होती, पाणी साचलेली.

"नाई भरला," ती म्हणाली. "तुह्या बापाचे पाय म्या सालभर चेपले अन् खूश होत राह्यली. आता नाई राह्यत. सकाळच्या यष्टीनं जाऊ."

इंद्रभाननं पाय मागं घेतला नाही. ती पदरानं त्याचा पाय पुसत राहिली, कोरडा झाला तरी. मग उठली, ताटापाशी बसली, आणि नवऱ्यासाठी वाढलेल्या त्या ताटातून तिनं पापड काढला, लोणचं काढलं, खारवलेल्या मिरच्या काढल्या. जागा रिकाम्या झाल्या. उरलेलं ताट तिनं मुलापुढं सरकवलं, आणि तो जेवायला लागला.